घड्याळवाल्याच्या बंद न झालेल्या दुकानाबाबत

खट्, धप्. खट्, धप्. वडिलांचे पायाने चालवायचे छपाईयंत्र असे वाजायचे आणि त्या तालावर मी शाळेतल्या कविता पाठ करायचो. इथून सुरुवात केली तेव्हा हवालदारसाहेब म्हणाले, "आजोबा, आधी नाव, वय, धंदा." म्हणून तसे लिहितो. लेखनिक रजेवर आहेत आणि माझे अक्षर बरे आहे, त्यामुळे साहेबांसमोर बसून जबाब माझ्याच हाताने लिहीत आहे.

नाव वरच्या रकान्यात आहे. बाजारपेठेत ते कोणाला ठाऊक नाही, तिथे मी खिळेमास्तर. वय अठ्ठ्याहत्तर. धंदा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई. राहणार छापखान्याच्या माडीवर. आज गुरुवारी, ठाण्याच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली असता समक्ष हजर राहून सांगतो की,

व्यापारी मंडळाचे एकपानी साप्ताहिक पत्रक मी एकेचाळीस वर्षे छापत आहे. कोणी दुकान उघडले, कोण कोपऱ्यावर हलला, कोणाच्या सुनेने शिवणाचे वर्ग काढले, एवढाच मजकूर. शुक्रवारी सकाळी ते दुकानोदुकानी पोचते. पूर्वी पानाच्या दोन्ही बाजू अपुऱ्या पडायच्या. आता एक बाजू भरता भरत नाही. बातम्या बहुतेक दुकाने बंद झाल्याच्याच असतात.

दुकान कायमचे बंद झाले की मी निरोपाची चौकट छापतो आणि खाली स्वतःच्या चार ओळी घालतो. जुन्या दुकानदारांच्या चौकटी सवडीने आधीच जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवतो, कारण घाईत जुळवलेली कविता लंगडते. साहेबांना हे अभद्र वाटले. पेठेत कोणाला वाटत नाही. छत्रीवाला तर म्हणाला होता, "मास्तर, माझ्यावर सहा ओळी करा, मी जाडा आहे."

घड्याळवाल्याचा गाळा माझ्या समोर आहे. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याची चौकट तीन वर्षांपूर्वी केली. तिच्यातल्या पहिल्या दोन ओळी अशा :

थांबली टिकटिक, मिटले दार,
वेळेचा गेला राखणदार.

ऐकून तो म्हणाला, "बरी आहे. फक्त मी असेपर्यंत छापू नकोस म्हणजे झालं."

दर गुरुवारी पत्रकाचा पहिला कागद तोच तपासतो. भिंग डोळ्याला लावून, घड्याळ उघडल्यासारखा. मंडळाने त्याला नेमलेले नाही. सवय आहे.

दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी तो सकाळी छापखान्यात आला. म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बहिणीकडे जाऊन काढून येतो. कुठं बोललास तर बघ. घड्याळवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर मेलेलं घड्याळसुद्धा कोणी आणणार नाही." त्याने मला शपथ घातली. ती मी इथे मोडत आहे, कारण त्याशिवाय तो परत येणार आहे यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा परिच्छेद त्याच्या गाळ्याच्या जागामालकाला वाचून दाखवू नये.

पत्रकात 'दुकान पंधरा दिवस बंद राहील' एवढेच घालायचे ठरले. तीही चौकट मी जुळवली, दोऱ्याने बांधली आणि त्याच फळीवर ठेवली. दोन्ही चौकटी एकाच मापाच्या. दोन्हींत वरची ओळ दुकानाच्या नावाची. खिळे उलटे असतात आणि मला आता ते नीट दिसत नाहीत, बोटानेच वाचतो. त्या गुरुवारी वरची ओळ चाचपली, नाव लागले, चौकट यंत्रात बसवली. पहिला कागद निघाला. सवयीने तो घेऊन मी समोर तपासायला गेलो. शटर खाली होते. तसाच परत आलो आणि बाकीचे छापले.

शुक्रवारी दहा वाजता जागामालकाने गाळ्याला स्वतःचे कुलूप लावले. धंदा कायमचा बंद झाल्यास गाळा परत, असे भाडेकरारात आहे. मी धावत गेलो. म्हणालो, "अहो, छपाईत चूक झाली. भलतीच चौकट लागली."

"मास्तर, एकेचाळीस वर्षांत तुमच्या पत्रकात एक तरी बातमी खोटी आली का?"

"नाही."

"मग?"

पुढच्या शुक्रवारी मी पत्रकात दुरुस्ती छापली. ती वाचून मालक म्हणाले, "ही मैत्रीखातर छापलीत. दोस्ती असावी तर अशी!" गाळा त्यांनी मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याला दिला आहे. उद्या सकाळी दहाला सुतार येऊन आतली कपाटे आणि फळ्या तोडणार आहे.

आत गावातल्या लोकांची शंभरावर घड्याळे आहेत. मी रोज सकाळ-संध्याकाळ शटरला कान लावत होतो. किल्ली न दिल्यामुळे ती एकेक करून थांबत गेली. शेवटचे सोमवारी थांबले. याचा तक्रारीशी संबंध नाही असे साहेब म्हणतात. लिहिले आहे ते राहू द्यावे.

पंधरा दिवस काल भरले. तो आलेला नाही. बहिणीच्या घरी फोन वाजतो, कोणी उचलत नाही.

साहेबांनी विचारले, "चूक तुमची, कुलूप दुसऱ्याचं, गाळा तिसऱ्याचा. मी कोणावर काय लावू?" मी म्हणालो, माझ्यावर लावा. माझे म्हणणे एवढेच, की ती बातमी खोटी होती आणि ती मी छापली, अशी सरकारी कागदावर नोंद व्हावी. नोंदीची नक्कल मिळाल्यास उद्या दहाच्या आत मालकाला दाखवता येईल. साहेबांनी पुढे विचारले, "आणि तो आलाच नाही तर?" मी पुढची ओळ लिहायला घेतली.

मला यापुढे काही सांगायचे नाही. साहेबांनी हा जबाब मोठ्याने वाचला, मी ऐकला. जसे सांगितले तसेच लिहिले आहे, कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. वेळ, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे, पाच वाजून पाच मिनिटे.

सहीपूर्वी घडलेले साहेबांच्या सांगण्यावरून जोडतो. सही करणार इतक्यात दारात एक इसम येऊन उभा राहिला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझे पत्रक. काळा चष्मा त्याने कपाळावर सरकवला. भिंग लावलेले नव्हते. दारातूनच त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिले, मग मनगटाकडे, आणि म्हणाला,

"थांब रे मास्तर, सही करू नकोस. ते घड्याळ नऊ मिनिटं मागं आहे."

वेळ दुरुस्त केली : पाच वाजून चौदा मिनिटे.