खंडेनवमीचा पेढा

मंडळी, जुनी माणसं झाड तोडायच्या आदल्या दिवशी झाडापुढं हात जोडायची. “पाखरांनो, उद्या कुऱ्हाड येणार, दुसरीकडं घरटं बघा!” मग मला सांगा, पाखराला जी मुदत, ती माणसाला नको? ऐका तर!

एका माळावर पंपांचा कारखाना. तिथं सदोबा मुळीक लेथ मशीन चालवायचा. त्याला भाद्रपदात दुसऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं — दसऱ्याच्या आत हजर हो! बायको हौसाबाई म्हणाली, “जावा की!”

सदोबा म्हणतो, “मालकांना इचारल्याबिगर? अगं, त्यांचं मीठ खाल्लंय!”

आली खंडेनवमी. मशीन धुतली, झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं. आरती झाली आणि सदोबानं प्रतापशेठला गाठलं. “मालक, दुसरीकडं बोलवत्यात. हितं काम हाय न्हवं फुडं?”

शेठनं काय करावं? स्वतःच्या हातानं पेढा भरवला! “सदोबा, तू गेलास तर या मशीनवर हात कुणाचा? कुठं जायचं नाही!”

सदोबाचे डोळे भरून आले हो! आणि शेठ? ज्या मशीनला सदोबा कुंकू लावत होता, तिच्या विक्रीचा बयाणा शेठनं श्रावणातच घेतला होता! श्रावणात! उपास धरून!

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सदोबा डबा घेऊन गेला, तर गेटला कुलूप! “कारखाना बंद,” वॉचमन म्हणाला.

अरे, कायदा काय सांगतो? बंद कर बाबा, पण दोन महिने आधी सरकारला कळव, कारणासकट कळव! सरकारला कागदाची हौस आहे म्हणून? — आहे, थोडी आहे! — पण मुदत कशासाठी? सदोबाला दुसरं दार ठोठावता यावं म्हणून!

तो धावत त्या दुसऱ्या कारखान्यात गेला. “दसऱ्यापर्यंत वाट बघितली दादा. जागा भरली.”

तसाच शेठच्या बंगल्यावर. “मालक, नवमीला तुमास्नी ठावं हुतं?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही कामगारांनी मन लावून काम केलं असतंत का? माझी ऑर्डर अडकली असती!”

सदोबा म्हणाला, “काम केलं असतं, मालक. पेढा खाल्ला नसता.”

धिक्कार असो त्या गोड हाताचा! कोर्टकचेरी चालू आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. सदोबाची चूल तोवर थांबते का?

पुढं बसलेले कारखानदार माना खाली घालताहेत. आणि मागचे हसताहेत! हसू नका. गौरी-गणपतीचे पाहुणे जाईपर्यंत भांडीवालीला गोड बोलून ठेवलं, आणि पाहुणे गेल्याबरोबर “उद्यापासून येऊ नकोस” — कुणी म्हटलं? का हो ताई, बांगड्या वाजायच्या थांबल्या? तिला दुसरं घर शोधायला किती दिवस दिलेत?

द्या उत्तर. मग गजर धरू. तोवर टाळ खाली ठेवा!