निळ्या झाकणाची टाकी

ऑपरेशन विभागाबाहेर बसलेल्या बाईंचे डोळे मासिकात होते, पण कान शेजारच्या दोन पेशंटकडे.

"सोबत कोणी नाही?"

"घरी सांगितलंय, ऑफिसच्या कामाने बाहेरगावी चाललोय. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर."

"पटलं त्यांना?"

"बायकोला पटलं. मुलीने फोटो मागितला. मी खिडकीत चहाचा कप ठेवला, फोटो काढला आणि हॉटेलातला म्हणून पाठवून दिला."

"मग?"

"ती सध्या तेच शिकतेय हो. फोटो खरा की खोटा, कुठून काढलाय, हे नेटवरून हुडकायचं. कपामागे समोरच्या गच्चीवरची टाकी आली होती. काळी, झाकण तेवढं निळं."

"पण बाहेरगावी म्हणालात ना? मग ती शोधणार कुठे?"

"दाढीचं सामान घरीच राहिलं माझं. ते बघून तिने आधी आपलंच शहर धरलं. नकाशावर वरून एकेक गच्ची पाहिली आणि ती टाकी शोधली. म्हणते, बाबा, तिच्यासमोर हॉटेल नाही, हॉस्पिटल आहे. आणि झाकण वरून दिसतंय, म्हणजे तुम्ही त्या गच्चीपेक्षा उंचावर आहात."

"बापालाच पकडलं की."

"रंगेहाथ. माझ्या साहेबांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते."

"आणि तुम्ही हसताय?"

"मग काय रडू?"

तेवढ्यात नर्स आली. "काका, सही लागेल. सोबत कोणी आहे का?"

"आहे ना. मुलगी आहे."

"कुठे आहे?"

"येईल इतक्यात. मजला कितवा ते मी सांगितलेलं नाही, पण येईल."