साधा ठसकासुद्धा लागत नाही

...आणि वर म्हणे पाणी चमच्यानं खायचं. प्यायचं नाही, खायचं. पुडीतली पावडर ढवळायची, घट्ट होईपर्यंत थांबायचं, मग चमचा. तुम्हाला सांगतो, बहात्तर वर्षं पाणी प्यालो, आपण पाणी पितोय हे कधी लक्षातसुद्धा आलं नाही. आणि ही शिक्षा कुणाला? मला. ज्याला साधा ठसकासुद्धा लागत नाही.

ठसका लागायचा तो दादाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एकोणऐंशीचा, वहिनी गेल्यापासून आमच्याकडेच असतो. चहाचा घोट घेतला की खोकला, भाताचा घास घेतला की खोकला, तोंड लालबुंद, आमची ही त्याची पाठ चोळतेय, आणि मी समोर बसून काय म्हणायचो? "दादा, माझ्याकडे बघ. जेवतो काय, बोलतो काय, हसतो काय, साधा ठसकासुद्धा लागत नाही." आता बोलण्याचं म्हणाल तर माझं सलून आहे, खालीच, चाळीस वर्षांचं. गप्प बसून दाढी करणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं का?

मध्ये मला दोनदा ताप येऊन गेला. जेवल्यावर आवाज ओला यायचा, गुळणी भरून बोलल्यासारखा. म्हटलं, हवा बदलली असेल. तिसऱ्यांदा ताप आला तो थेट न्यूमोनिया घेऊन. आठ दिवस हॉस्पिटलात. डॉक्टरांनी विचारलं, "जेवताना ठसका लागतो?"

"छे. साधा ठसकासुद्धा नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही," म्हटलं, छाती काढून. आता यावर माणूस खूश होतो की नाही? हे गृहस्थ कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मग मेंदूचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले, गिळण्याची तपासणी करू. ही लगेच म्हणाली, "भावजींचीही करा, ते फार खोकतात." डॉक्टर म्हणाले, "आणा. पण मला काळजी यांची आहे."

तपासणीची खोली म्हणजे एक खुर्ची, एक यंत्र, एक पडदा. तिथल्या बाई पांढरं औषध कालवलेलं पाणी पाजतात आणि ते कुठून कुठे जातं ते पडद्यावर दिसतं. आधी दादा बसला. घोट घेतला, थोडं भलतीकडे गेलं, खोकला आला, बाहेर पडलं. "छान," बाई म्हणाल्या. छान? मला हसू आलं. मग मी बसलो. घोट घेतला, आरामात गिळला. वर एक विनोदही केला. कुणी हसलं नाही.

"काही जाणवलं?"

"नाही."

"पडद्यावर बघा."

बघतो तर पांढरी रेघ श्वासनळीतून सरळ खाली चाललेली, सावकाश, घाई नाही काही... आणि मी ते बघत शांतपणे श्वास घेतोय.

"काका, घास मागे ढकलेपर्यंत तुमची मर्जी. पुढचं मेंदू आपणहून करतो. श्वास थांबवतो, कंठ उचलतो, श्वासाची वाट झाकतो, सगळं एका सेकंदात. वयानं ते मंदावतं. त्यात तुमच्या मेंदूच्या तळाशी, नेमका तिथंच, एक जुना डाग आहे. कधीतरी लहानसा झटका येऊन गेलाय."

"मग मला कळलं कसं नाही?"

"तसंच हेही कळत नाही. घशातून मेंदूला खबर पोचत नाही, म्हणून खोकला नाही. तुमचं सगळं फुप्फुसात उतरतं, न्यूमोनिया त्याचाच. भावाचा खोकला त्यांना वाचवतोय."

म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरून "गिळू नका हं" म्हणत आलो, हजारो कंठमणी वरखाली होताना बघितले, आणि माझा दगा देतोय ते मला परक्या बाईंनी दाखवलं. घरी जाताना टॅक्सीत दादा हळूच म्हणाला, "तू थोडं खोकायला शिक रे माझ्याकडून." मी हसलो नाही. तोही हसला नाही.

आता नियम असे, की पाणी घट्ट करूनच घ्यायचं, म्हणजे ते सावकाश उतरतं, हनुवटी छातीला टेकवायची, छोटा घास, दोनदा गिळायचं, आणि जेवताना बोलायचं नाही. एक शब्द नाही. पहिल्या दिवशी ही एकटीच बोलत होती. दहा मिनिटांनी थांबली. म्हणाली, "अहो, तुम्ही मध्ये तोडत नाही तर मला पुढचं सुचतच नाही." तेव्हापासून तिघंही मुकाट जेवतो. भांड्यांचा आवाज, दादाचा खोकला... तो खोकला की हिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसतं. आणि मी घास गिळला की दोघं हातातला घास तसाच धरून माझ्या गळ्याकडे बघत बसतात. मी मान हलवतो, म्हणजे गेला. मग ती दोघं जेवायला लागतात.

गेला, एवढं खरं. कुठे गेला, ते मला तरी कुठे माहीत असतं?