झुल्मा नसलेला सिनेमा

अगं, पहिल्याच पेल्याला धन्यवाद काय म्हणतेस? माद्रिदला राहून विसरलीस वाटतं — आपल्या मोंतेविदेओत येर्बाचा चहा पिताना धन्यवाद म्हटलं की पुरे झालं असं समजतात. घे, आणखी घे. एवढ्यात सोडत नाही मी तुला. मुद्दाम फोन करून बोलावलंय — 'झुल्मा, निदिया बोलतेय, एलादियोची बायको, त्याला आता काही आठवत नाही, एकदा येऊन जा' — आणि तू आलीस, तीही फुलं घेऊन! बरं झालं. आत झोपलाय. उठेल, तुझ्या तोंडाकडे बघेल आणि विचारेल, 'या कोण?' ते मला याचि डोळा बघायचंय. हो, एवढ्यासाठीच बोलावलं. लाज? मला कसली लाज?

तुमचं दोघांचं काही होतं की नव्हतं, ते सोड — मी त्यानं तुला नायिका करून काढलेल्या सिनेमाबद्दल बोलतेय. पलंग डोक्यावर घेऊन समुद्रकाठाने बायकोला शोधणारा माणूस, आणि ती एकेक गोष्ट विसरत जाते तसे गावातले दिवे, दारं, जिने नाहीसे होतात — लोक म्हणाले, काय कल्पना आहे! कल्पना कसली डोंबलाची? घरमालकानं हाकललं तेव्हा आम्ही दोघांनी आमचा पलंग असाच रस्त्यानं नेला होता. आणि 'तू मला विसरलीस तर मी राहू कुठे' हे तो मला म्हणाला होता, मला, भर रस्त्यात पलंग टेकवून! सिनेमात ते ऐकून रडलीस मात्र तू. आणि जोडलं कोणी? मीच. त्याच्या सगळ्या सिनेमांचं संकलन माझंच ना — माझा संसार तुझ्या तोंडावर या हातांनी चिकटवला मी.

मग सूड कशानं घ्यायचा? कात्रीनं. रोज दुपारी त्याला भिंतीवर तोच सिनेमा दाखवते, आणि रोज तुला थोडी थोडी कापत गेले. आधी तुझं हसणं, मग ते रडणं, मग पाठ — शेवटी दारावरचा एक हात उरला होता, तोही काढला. आता सिनेमातला तो माणूस पलंग घेऊन फिरतो आणि रिकाम्या खुर्चीशी बोलतो — आणि गंमत म्हणजे सिनेमा काही बिघडला नाही! हस, हस. मग तुझ्या जागी मी मला लावलं. किनाऱ्यावर कलिंगड खातेय मी, नव्या लग्नातली, त्यानंच काढलेली फीत. त्यानं पाहिलं आणि — हे सांगणार नव्हते तुला — स्वतःचं नाव येत नाही त्याला, पण खुर्चीत ताठ झाला, पूर्वीसारखा, आणि म्हणाला, 'ही बाई मध्येच कुठून आली? काढ हिला.' आणि मी काढलं. सवय, दुसरं काय.

रडत नाहीये. किटलीची वाफ गेली डोळ्यात.

थांब — उठला. हलू नकोस तू, तोंड उजेडात कर. एलादियो, ये, बघ कोण आलंय. ओळखतोस हिला? नाही ना? नाही म्हण —

काय म्हणालास? परत बोल.

'निदिया' म्हणतोय. तुझ्याकडे बघून. 'निदिया, इतके दिवस होतीस कुठे?' — माझं नाव गेल्या वर्षभरात एकदाही आलं नव्हतं त्याच्या तोंडी... माझ्याकडे काय बघतेस? हाक मारतोय ना तो? ओ दे त्याला. ओ दे, मेले.