माणसांनी खाऊ नये, अशी चिठ्ठी

शनिवार, १४ जून २०२५, सकाळी साडेदहा. चर्चच्या मैदानावरील महिला उद्योजक मेळाव्यात माझ्या भाचीच्या मालावर 'माणसांनी खाऊ नये' अशा चिठ्ठ्या चिकटवण्यात आल्या. त्याबद्दल हा जबाब.

नाव लिओंतीन लाराद, वय ७२, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार शेतिकँप, केप ब्रेटन, कॅनडा. ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

माझी भाची मार्सेला रोमार हिने खेकड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून 'पे-द-सर' विकायचा धंदा सुरू केला. लोणी आणि ब्राउन शुगर लावून गुंडाळलेल्या पिठाच्या या भाजलेल्या चकत्या आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या गावात घरोघरी होतात. फ्रेंचमध्ये नावाचा अर्थ 'सिस्टरांचे पाद'. इथे कॉन्स्टेबलने विचारले, "मॅडम, हे असंच लिहू?" तसेच लिही म्हटले. मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या सिस्टर दर रविवारी हे याच नावाने वाढत आणि हसत नसत.

यातल्या 'पे'चे स्पेलिंग pets, म्हणून इंग्रजी वाचणाऱ्याला तो 'पेट्स', म्हणजे पाळीव प्राणी, दिसतो. महिलांना धंद्यात मदत करण्यासाठी उघडलेल्या शहरातल्या केंद्राने मार्सेलाची नोंद पाळीव प्राण्यांच्या सेवेत केली. तिला मिळालेली मदत अशी: आत्मविश्वासाची कार्यशाळा, एक मग, आणि कुत्री धुण्याच्या मोरीला उतार किती हवा याचे पुस्तक. आत्मविश्वास तिच्याकडे होता. धंद्यापुरता ओव्हन नव्हता. केंद्राचे परवाना असलेले स्वयंपाकघर आहे. मेळाव्यात सर्वांत चांगली विक्री करणाऱ्या एका बाईला ते वर्षभर वापरायला मिळते. मार्सेलाला तेवढेच हवे होते.

नोंद सुधारा म्हणून मी वारंवार फोन केले. फ्रेंचसाठीचे बटण दाबले की फ्रेंच न येणारी मुलगी बोलते.

मेळाव्यात मार्सेलाचे टेबल कुत्र्यांचे केस कापणारी आणि सशांचे पिंजरे विकणारी यांच्यामध्ये लावले होते. केंद्राच्या सल्लागार पामेला हार्टविक आल्या, प्राण्यांच्या रांगेत माणसांचे खाणे विकता येत नाही म्हणाल्या आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावू लागल्या. एका पर्यटकाने एक चकती आपल्या कुत्र्याला घातली, त्याला आवडली म्हणाला आणि आणखी मागितल्या. मार्सेलाने त्याला डबा बांधून दिला.

नोंद केव्हा बदलणार, असे मी हार्टविकबाईंना विचारले.

"पुढच्या वर्षी नवा अर्ज करा ना. नाहीतर नावच बदला, सोपं आहे. दालचिनी रोल म्हणा."

"आम्ही दालचिनी घालत नाही," मार्सेला म्हणाली. सकाळपासून ती एवढेच बोलली.

"मग घाला."

यानंतर डब्यावरची एक चिठ्ठी काढून मी हार्टविकबाईंच्या कोटाच्या पाठीवर लावली. त्या याला हल्ला म्हणतात. मी फक्त हलकेच थोपटले, चिठ्ठी नीट बसावी म्हणून. पोस्टात माझा जन्म तिकिटे चिकटवण्यात गेला आहे. चिठ्ठीवरचा मजकूर त्यांच्या बाबतीत खोटा आहे असेही मला वाटत नाही.

मार्सेला उरलेले डबे गाडीत ठेवून घरी गेली. तिने मेळावा अर्ध्यावर सोडला, अशी केंद्राने नोंद केली आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. शुद्धलेखन मी सुधारून दिले.

या जबाबाची प्रत केंद्राला पाठवावी. मार्सेला रोमार माणसांसाठी खाणे बनवते, असे त्यांनी गुरुवार, १९ जून, दुपारी चारपर्यंत फ्रेंचमध्ये लेखी कळवावे. शुक्रवारी त्या स्वयंपाकघराची किल्ली कोणाला तरी दिली जाते आणि सोमवारी खेकड्यांचा कारखाना नवी भरती करतो. त्यानंतर आलेले उत्तर मी घेणार नाही.