काचेच्या खोलीतला आवाज

(सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून दुभाष्यांची काचेची खोली. समोर व्यासपीठावर पाहुण्यांचं भाषण चालू आहे. आत दोन खुर्च्या. एकीवर वहिनी, दुसरीवर तिची नणंद, कानाला हेडफोन लावून.)

नणंद : …पण तू एकदा कानाला तर लाव! दादा बोलतोय गं. सर्दी झाल्यासारखा नाकातला आवाज, अगदी तस्साच.

वहिनी : काचेतून पाहुणे दिसतायत, तेवढं पुरे मला.

नणंद : तो टकल्या त्याच्या भाषेत बोलतोय आणि दादा आपल्या भाषेत सांगतोय. साधा मोबाइल हातात दिला तर कपाळाला आठ्या घालणारा माणूस! आणि आज म्हणतोय, 'यंत्रं माणसाचं ओझं हलकं करतील.' मला हसूच आलं. मग रडू आलं.

वहिनी : ते त्यांचं म्हणणं नाही, वन्सं. पाहुण्यांचं आहे. दुभाष्याचा धंदाच तो. तोंड आपलं, जीभ आपली, शब्द परक्याचा. जन्मभर लोकांचीच वाक्यं बोलले तुमचे दादा.

नणंद : असू दे. मला परक्याच्या शब्दातही चालतो तो. यंत्राच्या कंपनीनं तुला दादाचा आवाज वापरायच्या होकारासाठीच बोलावलंय ना परिषदेला? तू हो म्हणालीस तर हा आवाज राहील. नाही म्हणालीस तर आज संध्याकाळी बंद. म्हणजे दुसऱ्यांदा…

वहिनी : पुढचं बोलू नका.

नणंद : बोलणार! पहिल्या वेळी मी पोचलेच नव्हते. गाडीतून उतरले तोवर सगळं आटोपलं होतं. तुझं बरं होतं, तू उशाशी होतीस.

वहिनी : उशाशी होते. पण माझ्याशी तरी कुठे बोलले? डोळे मिटले होते ते मिटलेलेच.

इंजिनिअर : येऊ का आत? नमस्कार, मॅडम. यंत्र आमच्याच कंपनीचं, मीच सांभाळतो. ऐकलंत का? लोक खूश आहेत. एक किरकोळ दोष राहिलाय, त्याचंच विचारायचं होतं.

नणंद : दोष? माझ्या भावाच्या आवाजात?

इंजिनिअर : आवाज उत्तम आहे हो, ताई. पण साधारण अर्ध्या तासानं यंत्र मध्येच काहीतरी पुटपुटतं. वक्ता तसं बोललेलाच नसतो. साहेबांच्या जुन्या परिषदांच्या रेकॉर्डिंगवरून शिकवलंय ना याला, तिथूनच उचललंय. ते काढून टाकू म्हणतो. पण आहे काय ते, कुणालाच कळेना.

वहिनी : काय पुटपुटतं?

इंजिनिअर : आता येईलच. हेडफोन लावा.

नणंद : लाव गं. मी आहे शेजारी… आलं! ऐकलंस? 'घे गं' म्हणाला! कुणाला म्हणाला? वहिनी, अगं, पांढरीफटक पडलीस!

वहिनी : मला.

इंजिनिअर : तुम्हाला?

वहिनी : अर्धा तास बोललं की दुभाष्याचं डोकं शिणतं. म्हणून तर दोघं लागतात; यांच्या जोडीला मी असायची. एकानं सोडायचं, दुसऱ्यानं चालत्या भाषणातून उचलायचं. आधी आपला माइक बंद करायचा, मग शेजारच्याला सांगायचं, असा नियम. यांना मेला कधी जमला नाही. आधी 'घे गं', मग बटण. मंत्री, डॉक्टर, बँकवाले, सगळ्यांच्या कानात गेलंय ते. मी भांडायची, तर म्हणायचे, 'बायकोला हाक मारायला चोरी कसली?'

इंजिनिअर : अच्छा, म्हणजे नुसती सवय. मग काढायला हरकत नाही.

नणंद : खबरदार हात लावाल तर! एवढ्या ढिगाऱ्यात तेवढंच त्याचं स्वतःचं आहे. काढायचं तर बाकीचं काढा.

इंजिनिअर : ताई, बाकीच्यालाच तर आम्ही काम म्हणतो.

वहिनी : साहेब, एक विचारू? ते 'घे गं' म्हणतात. मग पुढे काय होतं?

इंजिनिअर : काही नाही. यंत्रच पुढे बोलत राहतं.

वहिनी : कुणी घेत नाही?

इंजिनिअर : घेणार कोण? गरजच नाही, यंत्र दमत नाही. आत्ता शेजारच्या सभागृहांतही हाच आवाज चालू आहे. रात्रंदिवस चालवा, घसा म्हणून बसायचा नाही.

वहिनी : तिथेही दर अर्ध्या तासानं…?

इंजिनिअर : हो ना, तोच दोष. चाचणी सुरू झाली तेव्हापासूनचा. झाले आता काही महिने.

वहिनी : ऐकलंत, वन्सं? मी घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. आणि हा माणूस इकडे मला हाका मारत होता. शेजारची खुर्ची रिकामी, तरी मारतच होता.

नणंद : अगं, काय बोलतेस? यंत्र आहे ते.

वहिनी : मघाशी 'दादा बोलतोय' म्हणालात तुम्ही.

नणंद : …तू नाहीच म्हणणार आहेस.

वहिनी : तुम्ही सांगा. भाऊ तुमचा आहे.

नणंद : मला नको विचारूस. माझं मन मेलं अधाशी आहे, मला तो रात्रंदिवस हवाय. लहानपणी तापानं फणफणला असला तरी येणाऱ्याजाणाऱ्याशी बडबडत बसायचा. आई वैतागायची. म्हणायची, 'अरे, निजवा रे याला कुणीतरी.'

वहिनी : हं.

नणंद : निजवा म्हणायची.

वहिनी : साहेब, माझा होकार नाही. बंद करा.

इंजिनिअर : ठीक आहे, मॅडम. तुमचा शब्द शेवटचा. संध्याकाळी समारोप झाला की…

वहिनी : आत्ता. सगळीकडचा.

इंजिनिअर : आत्ता? तिकडे दुसरा आवाज लावता येईल. पण इथे भाषण निम्म्यावर आलंय! एवढी माणसं कान लावून बसलीत, दुसरा आवाज चढेपर्यंत त्यांना काय ऐकवू?

वहिनी : हा समोरचा माइक लागतो ना अजून?

इंजिनिअर : लागतो, पण असं एकदम? तयारी नाही, काही नाही, मधूनच…

वहिनी : मी आजवर मधूनच घेत आलेय, साहेब. सुरुवात नेहमी त्यांची असायची. करा बंद.

नणंद : वहिनी… थांबला गं. वाक्य अर्धंच टाकून गेला.

वहिनी : जाऊ द्या त्यांना, वन्सं. पुढचं मला ऐकू येतंय.