घरच्या घरी डावा मडगार्ड

...आणि वर म्हणतात, खाजवू नका! डॉक्टर हो! म्हणे गार पाण्याने धुवा आणि अजिबात खाजवू नका. अहो, धुऊन धुऊन किती धुऊ? काचेची कुसं आहेत ती, काचेची! डोळ्यांना दिसत नाहीत, चिमटीत सापडत नाहीत, आणि मनगटापासून मानेपर्यंत अशी रुतून बसलीत की कूस बदलली तरी टोचतात... ए, मागच्या ओळीतले, हसू नका. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलीय मी. फळ्याकडे तोंड असलं तरी कोण हसतंय ते कळतं मला.

तर ही खाज कशापायी? मडगार्डपायी! गाडीचा पुढचा, उजवा मडगार्ड. उजवा हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी नाही ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही गाडी कधीपासून चालवायला लागलात? छे हो! गाडी हिची. म्हणजे आमच्या बायकोची. मला क्लच कुठे असतो तेही ठाऊक नाही. हिने शिकून घेतली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, सगळे नको नको म्हणत असताना! हिची मोठी बहीण म्हणाली, "अगं, या वयात हातपाय मोडून घेशील." ही म्हणाली, "तुझ्याच दारात येऊन मोडीन." आणि खरंच दर गुरुवारी गाव ओलांडून त्या बहिणीकडे जायला लागली, ही पुढे चाकाशी, मी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन. गाडी जुनी, निळी, आमच्याच वयाची म्हटलीत तरी चालेल. पण काय ऐट होती हो बाईची! काच खाली करायची, कोपर बाहेर काढायचं, आणि सिग्नलला शेजारच्या रिकामटेकड्या पोराकडे असं बघायची की त्याने मुकाट्याने मागे व्हावं.

आणि ते सगळं मी घालवलं. मी! दोन शब्दांनी. "येऊ दे, येऊ दे."

गाडी फाटकातून उलटी बाहेर काढत होती. मी रस्त्यावर उभा, हात हलवत, मोठा वाहतूक पोलीसच जसा. "येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे!" मागे सगळं मोकळं होतं, तुम्हाला सांगतो, शपथेवर सांगतो, मागे काही नव्हतं! पण चाक वळवून गाडी मागे घेतली की तिचं पुढचं तोंड दुसरीकडे फिरतं, हे कोणाला कळायला हवं? भूमितीच्या मास्तरला! मी म्हणतोय येऊ दे, आणि पुढचा उजवा मडगार्ड फाटकाच्या खांबात. चर्रर्र... पत्र्याचा पार बोळा झाला.

ही खाली उतरली. बोळा बघितला. मला एक शब्द बोलली नाही, हो! बोलली असती तर बरं झालं असतं. आत गेली, किल्ली शिवणाच्या बटणांच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "विकून टाका गाडी. मला नाही जमत."

मला नाही जमत! ही म्हणाली हे! मला इतकी लाज वाटली, काय सांगू तुम्हाला.

गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. तो गाडीकडे असा बघतो जसा माझ्याकडे आमचा विमावाला बघतो. "मास्तर, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. मडगार्ड मिळायचा नाही. पत्राही सरळ व्हायचा नाही, सडलाय. भंगारात द्या." तोवर हिने भंगारवाल्याला फोनसुद्धा केला होता! तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली. कशाला मारतात हो टायरला लाथ? आणि म्हणाला, "तीन आठवड्यांनी रविवारी टेम्पो मोकळा आहे, घेऊन जातो." ही म्हणाली, "न्या."

मी म्हटलं, बघू कोण नेतंय ते.

मग मला तो मोबाइलमधला पोरगा भेटला. व्हिडिओ बनवतो. टोपी उलटी, तोंड कायम हसतं. "तर मित्रांनो, आज आपण बनवणार आहोत फायबरचा मडगार्ड. अगदी सोप्पं, घरच्या घरी!" काचेच्या धाग्यांची पांढरी चटई असते म्हणे, तिच्यावर रेझिन नावाचा मधासारखा चिकट द्रव फासायचा, त्यात हार्डनरचे चार थेंब, की वाळल्यावर दगड! पहिला थर चांगल्या भागावर द्यायचा, तो निघाला की झाला साचा. मग साच्यात दुसरा थर, तो निघाला की झाला मडगार्ड. घरच्या घरी! मी म्हटलं, गाडीला चांगला मडगार्ड आहेच की एक. डाव्या बाजूचा.

...कोण हसलं? थांबा जरा. मला तरी कुठे कळलं होतं तेव्हा!

आता मी काय काळजी घेतली ते विचारा. मेणाचे सहा हात दिले डाव्या मडगार्डवर, साचा चिकटून बसू नये म्हणून. सहा! रेझिन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. आता तो काटा स्वयंपाकघरात चालत नाही, तो भाग सोडा. पहिल्या दिवशी हार्डनर टाकलं, पाच मिनिटं झाली, दहा झाली, काही होईना. मी म्हटलं थेंबाने काय होतंय, घातलं चमचाभर. अहो, रेझिन तापलं! धूर! आंघोळीचा मग माझ्या हातात फुरफुरतोय, वाकडा होतोय, आणि ब्रश आत उभाच्या उभा! वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीतून ओरडल्या, "मास्तर, काही जळतंय का हो?" मी म्हटलं, "नाही काकू, घट्ट होतंय!" "काय घट्ट होतंय?" आता काय सांगू? निर्धार म्हणू?

वास तर असा की आमचा दूधवाला पिशवी फाटकावर अडकवून पळायचा. चपला जमिनीला चिकटल्या. चष्म्याची दांडी बोटाला चिकटली. ही सगळं खिडकीतून बघायची, शिवणयंत्रावर बसून. दर गुरुवारी बहिणीचा फोन यायचा, ही म्हणायची, "नाही गं, पाय दुखतो जरा." पाय नव्हता दुखत. मला ऐकू यायचं ते, आणि मी आणखी एक थर द्यायचो.

दोन आठवडे! आणि मग निघाला हो मडगार्ड साच्यातून. टक्क असा आवाज झाला आणि हातात आला. गुळगुळीत! एक बुडबुडा नाही! मी तो डोक्यावर धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. गॅरेजवाल्याने येऊन जुना बोळा आधीच काढून ठेवला होता. मी मडगार्ड अंगणातल्या गाडीच्या उजव्या बाजूला धरला.

दिव्याचं भोक दाराकडे आलं.

मी म्हटलं, उलट धरला वाटतं. फिरवला. दिवा पुढे आला, छान आला, पण चाकाची कमान आकाशाकडे! पुन्हा फिरवला. दिवा पुढे, कमान खाली, आणि गुळगुळीत बाजू आत, खडबडीत बाहेर! असा धरला, तसा धरला, घाम फुटला मला. वरून काकू म्हणतात, "मास्तर, तो डाव्याचा वाटतो."

डाव्याचा! डाव्या मडगार्डचा साचा काढला तर त्यातून काय निघणार, आंबा? डावाच निघणार! एकतीस वर्षं! एकतीस वर्षं फळ्यावर आरसा काढून पोरांना शिकवलं, "बाळांनो, डाव्याची प्रतिमा उजवी, दोन्ही सारख्या दिसतात पण एकावर एक बसत नाहीत." एका पोराला उठाबशा काढायला लावल्या होत्या मी, हे चुकलं म्हणून. कुठे असेल तो? त्याला कळवू नका.

मी तिथेच पायरीवर बसलो. आणि मागून आवाज आला. ही हसत होती! खिडकीचा गज धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, डावी बाही उजव्या हाताला लावलीत!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली हो. मी म्हटलं, हस बाई, पोटभर हस. मला इतकं बरं वाटलं की आणखी एक डावा बनवावा की काय, असं मनात आलं. पण मग डोळे पुसले तिने आणि म्हणाली, "जाऊ दे आता. रविवारी तो येईलच न्यायला."

मी म्हटलं, "येऊ दे!" ...आलं की नाही पुन्हा तेच तोंडात? म्हणालो, "रविवारपर्यंत उजवा होईल."

"कसा? साचा काय उलटा होतो?"

"नाही होत."

तिने यंत्रावरची बाही उचलून उलटी केली. मग म्हणाली, "मी दोन्ही बाह्या एकाच कागदावरून कापते. एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा." आणि यंत्रावरून उठली, कात्री घेऊन बाहेर आली.

साचा उलटा होत नाही, पण पुठ्ठा होतो! डाव्या मडगार्डवर चार-चार बोटांवर पुठ्ठे उभे धरले, त्याच्या फुगवट्याबरहुकूम तिने कापले. अकरा पुठ्ठे. काय हात चालतो हो तिचा! मी मोजपट्टी काढली तर म्हणाली, "ठेवा ती, मध्ये येते." तेच पुठ्ठे उलटे करून उजवीकडे उभे केले, मध्ये थर्माकोल भरला, आकाराला घासला. रेझिनने थर्माकोल विरघळतो, म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळली, मग चटई, मग रेझिन, हार्डनर थेंबाने, चमच्याने नाही! वाळला, आतलं सगळं कोरून काढलं, पुट्टी भरली, घासला, पुन्हा भरली, पुन्हा घासला. ही खाज त्या घासण्याची! पण बसला. शनिवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट पिळला. रंग नव्हता, नुसता राखाडी प्रायमर, पण दिवा पुढे, कमान खाली, गुळगुळीत बाजू बाहेर. उजवा!

रविवारी सकाळी टेम्पो दारात. भंगारवाला साखळी घेऊन उतरला, पुन्हा टायरला लाथ. "चला, ओढू या?"

ही बाहेर आली. मडगार्डवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा. आत गेली. आतून बटणं खळखळल्याचा आवाज आला, आणि माझा जीव भांड्यात पडला. किल्ली घेऊन आली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "टेम्पो बाजूला घ्या जरा. चालते का बघते." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही. एक अक्षर बोलायचं नाही."

नाही बोललो! तोंडाला कुलूप. गाडी सुरू झाली, मागे यायला लागली. ही उजव्या खांबाकडे मान लांब करून बघतेय, त्या नव्या मडगार्डला तळहातावरच्या फोडासारखं जपतेय, उजवीकडे हातभर जागा सोडलीय... आणि डावा खांब जवळ येतोय. मला दिसतोय! भंगारवाल्याला दिसतोय! काकूंना वरून दिसतोय! मी तोंड उघडलं. आणि मिटलं. वचन म्हणजे वचन.

चर्रर्र!

भंगारवाल्याने साखळी उचलली. "मग... नेऊ?"

मी डोळे गच्च मिटले, तुम्हाला सांगतो. आता किल्ली पुन्हा डब्यात, आता पुन्हा 'मला नाही जमत', आणि या खेपेला मी काय करणार? काच खाली झाल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर कोपर बाहेर!

"न्या काय न्या? डावा तयार आहे आमच्याकडे! घरच्या घरी!" आणि मला, "उभे काय राहिलात? ताई वाट बघतेय. बसा!"

बसलो. पुढचं डावं दार त्या मडगार्डने असं दाबलं होतं की उघडेचना, म्हणून मागे बसलो. आता डावा बसवेपर्यंत ती साहेबासारखं मला गावभर मिरवत नेते, आणि मी मागे बसून खाजवतो.